मुलाखत म्हणजे भेट



आजचा विषय व्याख्यानमालेच्या मानाने काहींना जरा घरगुती वाटेल. पण सातारा-सांगलीकडे आज असे घर विरळा, की जेथे एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या मुलाखतीच्या पत्राची वाट पाहिली जात नाही. पत्र आले की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोट शिवून घे, इंग्रजी फाडफाड बोल, वडील शेती करतात हे फार सांगू नकोस! यांतला शेवटचा सल्ला आम्हांला सर्वांत घातक वाटतो. तो का, हेच आज सांगावयाचे आहे.

मुलाखत हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ नुसता भेट. लेखी परीक्षेत उत्तर भेटते, येथे माणूस भेटावयाचा असतो. जो माणूस स्वतःला घरी ठेवून तेथे जातो, त्याची भेट होणार तरी कशी?

या भेटीचे वजन किती, तेही पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे, म्हणजे शेकडा साडेतेरा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मात्र लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि निवडमंडळाची परीक्षाही ९०० गुणांचीच. १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा ज्या साताऱ्यात निघाली, तेथल्या पालकांना हे नवे नाही. पाच दिवस मुलगा चालतो कसा, ऐकतो कसा, दुसऱ्याला दोरी धरू देतो की नाही, हे सारे तेथे पाहिले जाते.

या अधिकाराचा गैरवापरही होतो. १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनगरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजचे प्रकरण आले. लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि तोंडीला ५०. दोनतीन मिनिटांत, तेही घरादाराची चौकशी करून, मुलांना वाटेला लावल्याची तक्रार होती. तोंडी परीक्षेस शेकडा पंधराहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे होईल, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणींच्या बहुतेक पदांसाठी मुलाखतच बंद केली. तेव्हा जेथे ती अजून उरली आहे, तेथे कागदावर न उमटणारे काहीतरी पाहावयाचे आहे, असे समजून चालावे.

ते काय असते? आमच्या मते ते एवढेच, की या माणसाने आपल्या भोवतालाकडे डोळे उघडून पाहिले आहे काय? म्हणून तयारीची सुरुवात जाड ग्रंथांपासून करू नये, आपण भरून दिलेल्या अर्जापासून करावी. मंडळापुढे तो अर्ज असतो. प्रश्नपत्रिका आपणच लिहून दिलेली असते! गावाचे नाव, वडिलांचा धंदा, शाळा, छंद, यांतल्या प्रत्येक शब्दापुढे तीनदा ‘का?’ लिहावे.

सांगली जिल्ह्यातील मुलगा घ्या. त्याला कोणी विचारील, की एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठ २०१९ सारख्या महापुरात बुडतो आणि जत-आटपाडी पाण्यासाठी आभाळाकडे पाहतात, हे कसे? पर्जन्यछायेचा प्रदेश, नदीहून उंचावरची जमीन, म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी पंप लावून वर चढविलेले पाणी आणि त्या पंपांच्या विजेचे बिल भरावयाचे कोणी, एवढे ज्याने समजून घेतले, तो सिंचनशास्त्राचा पदवीधर नसला तरी चालेल. पाटणकडच्या मुलीला कोयना धरणाविषयी विचारतील. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिला माहीत असावाच. पण धरणाने महाराष्ट्राला वीज दिली आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना काय मिळाले, या दोन्ही बाजू तिने तोलून सांगितल्या, तर ती उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत बसून काय करील ते मंडळाला तेथेच दिसेल.

मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यालाही हाच नियम. कारखान्यात काय बनते ते आधी शोधावे. आयटीआयमध्ये आपण ज्या लेथवर हात बसविला, त्यावर काम कसे बिघडले आणि ते कसे सुधारले, हे सांगता यावे. ‘मी फार मेहनती आहे’ या वाक्यापेक्षा बिघडलेल्या एका कामाची हकीकत अधिक बोलते.

आता भाषेची भीती. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीत बोलावयाचे तर साधे बोलावे. पण कोणत्याही भाषेत जाण्यापूर्वी घरातल्या आजीला आपला विषय मोठ्याने समजावून सांगावा. तिला समजला, तर आपल्याला समजला. आणि जे माहीत नाही, तेथे ‘माहीत नाही’ म्हणावे. दहा उत्तरांतले एक थापेचे निघाले, की उरलेल्या नवांवरही संशय येतो. मतभेद असल्यास तो दाखवावा, मात्र आवाज न चढविता.

कागदपत्रे आदल्या रात्री लावून ठेवावीत, कपडे धुतलेले असावेत, गावी पोहोचावे ते आदल्या दिवशीच. एवढे केले की पोशाखाचे प्रकरण संपले.

राहिली घराची लाज. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. राबून शिकणे ही सातारा-सांगलीची मिरवण्याची गोष्ट आहे. ज्या मुलाने पहाटे धारा काढून कॉलेज केले, त्याला वेळ पाळणे म्हणजे काय, हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. तेच त्याने लपविले, तर मंडळापुढे उरते काय? पाठ केलेली चार वाक्ये.

आणि श्रोतेहो, या सभेत नोकरी देणारेही बसले असतील. परीक्षा त्यांचीही असते. उमेदवाराला बसावयास सांगावे, त्याचा अर्ज आधी वाचलेला असावा, मुलीला लग्न कधी करणार हे विचारू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती त्यांनी राखण सोपविली. दाखला पाहणारे पुष्कळ असतात. माणूस पाहणारे थोडे.

हेच लक्ष्मणराव रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले होते. पुढे मुंबईत शिक्षक असताना त्यांची बढती डावलली गेली आणि ते बेळगावला परतले. तेव्हा अर्ध्या तासाच्या भेटीत नापास झालेला मुलगा घरी आला, तर ‘किती पडले?’ हा प्रश्न आई-वडिलांनी उद्यावर ठेवावा. आधी त्याला जेवावयास वाढावे आणि मग विचारावे, ‘काय विचारले रे तुला?’ तो ते सांगू लागला, की पुढच्या मुलाखतीची तयारी सुरू झाली असे समजावे.