फेसाळ द्राक्षासव आणि गावाचे नाव



आजचा विषय युरोपातील फेसाळ मद्यांचा आहे. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात येणे साहजिक आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो, मद्य प्या असे सांगण्यासाठी मी उभा नाही. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमाचा मला विसर पडलेला नाही. मला बोलायचे आहे ते द्राक्ष पिकवणाऱ्याविषयी आणि त्याच्या गावाच्या नावाविषयी.

तसा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा, म्हणजे आपल्या तेरचा, उल्लेख आहे. तेरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरी जाई आणि त्याच बंदरात परदेशची मद्ये उतरत. त्यांत इटलीच्या मद्याला पहिली पसंती असे, अशी नोंद ग्रंथकाराने केली आहे. तेव्हाही मद्य ओळखले जात होते ते मुलखाच्या नावानेच.

आता फेसाकडे वळू. द्राक्षाचा रस आंबला की साखरेचे मद्यार्क होते आणि कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. आंबवलेल्या पिठाला जाळी पडते ती याच वायूने. साध्या वाइनमधून तो निघून जातो. फेसाळ वाइनमध्ये तो कोंडून ठेवतात. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात थंडी फार. हिवाळ्यात रसाचे आंबणे अर्धवट थांबे आणि वसंतात बाटलीतच पुन्हा सुरू होई. बाटल्या फुटत. दोम पेरिन्यों या साधूने फेसाचा शोध लावला ही कथा सर्वतोमुखी आहे, परंतु ती कथाच आहे. त्या काळी फेस हा दोष समजला जाई आणि तो टाळण्याकडेच मठाच्या कोठारप्रमुखाचा कल होता. साखर घालून मद्य फेसाळ करण्याची रीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ सालीच मांडली होती.

आजची रीत अशी. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात व तळघरात आडवी ठेवतात. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक. शॅम्पेनला निदान पंधरा महिने तळघरात काढावे लागतात. मग आतला गाळ काढायचा कसा? बाटल्या भोके पाडलेल्या फळ्यांत तिरक्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ हळूहळू मानेशी उतरतो. ही युक्ती १८१६च्या सुमारास क्लिको पेढीत निघाली. तरुणपणी वैधव्य आलेल्या एका बाईने ती पेढी नावारूपाला आणली होती. पुढे मान गोठवून बूच काढले की गाळ आतल्या दाबानेच बाहेर फेकला जातो. शेवटी चवीपुरती साखर घालून नवे बूच तारेने बांधतात.

स्पेनमध्ये कातालोनियातील कोदोर्न्यू घराण्याने १८७२ साली याच रीतीने, पण स्थानिक द्राक्षांपासून फेसाळ वाइन केली; तिला आज ‘कावा’ म्हणतात. जर्मनीतील ‘झेक्ट’चा पाया क्लिको पेढीतच काम शिकलेल्या केसलर यांनी १८२६ साली घातला. कैसरने आरमारासाठी १९०२ साली झेक्टवर कर बसवला. ते आरमार समुद्राच्या तळाशी गेले, कर मात्र अजून तरंगतो आहे! इटलीच्या ‘प्रोसेक्को’चे दुसरे आंबणे मोठ्या बंद पोलादी टाकीत होते, म्हणून ती लवकर तयार होते, स्वस्त पडते आणि ताज्या फळाची चव राखते. ‘आस्ती’ ही गोड, मस्कत द्राक्षाची.

म्हणजे फेस कोणालाही आणता येतो. मग शॅम्पेन या शब्दाला एवढे मोल का? याचे उत्तर १९११ सालच्या दंगलीत आहे. आदल्या वर्षी रोगराईने आणि गारांनी शॅम्पेनच्या बागा बुडाल्या होत्या. पेढ्या मात्र परप्रांतातून स्वस्त द्राक्षे व मद्य आणून शॅम्पेनच्या नावाने विकत होत्या. जानेवारीत शेतकऱ्यांनी अशा मद्याची पिंपे अडवून मार्न नदीत रिकामी केली. एप्रिलमध्ये आय गावी पेढ्यांना आगी लागल्या, सैन्य आले. हिंसेचे समर्थन मी करीत नाही. पण त्यांचा प्रश्न सरळ होता: नाव आमच्या मातीचे, तर द्राक्ष दुसऱ्याचे का? कोणती गावे या नावात धरायची यावर ते आपसांतही भांडले. हळूहळू कायद्याने हद्द आखली गेली आणि वाण, छाटणी, उत्पन्न यांचे नियम ठरले. १९६० साली लंडनच्या न्यायालयाने ‘स्पॅनिश शॅम्पेन’ हे नाव वापरण्यास मनाई केली. इटलीने २००९ साली प्रोसेक्को हे नाव प्रदेशासाठी राखले आणि त्या द्राक्षाला ‘ग्लेरा’ म्हणायचे ठरवले.

आपल्याकडे शामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅम्पेनच्या रीतीने फेसाळ वाइन काढली. १९८०नंतरच्या दशकात ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी गेली. त्या कंपनीच्या नावातला ‘शॅम्पेन’ हा शब्द पुढे गेला आणि कर्जाच्या भाराने कंपनीही गेली. २०१३ साली मोएतच्या मालकांनी दिंडोरीत ‘शांदों’ काढली. घराणे तेच, रीत तीच, तरीही बाटलीवर शॅम्पेन लिहिता येत नाही, कारण द्राक्ष दिंडोरीचे! आपल्या शेजारी अकलूजलाही इटालियन भागीदारांसह फेसाळ वाइन होते. नाशिकच्या वाइनला तर स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे.

आणि आपण? आपल्या जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत. टँकरने पाणी घालून जगवलेली बाग दुष्काळी वर्षात पाहिली की छाती दडपते. पण पेटी गाडीत चढली की त्या द्राक्षाचे गाव कोणते, हे खाणाऱ्याला कळत नाही. वाइनच केली पाहिजे असे नाही. बेदाणा असो, खाण्याचे द्राक्ष असो, प्रश्न तोच आहे. कुंथलगिरीच्या खव्याला मानांकन मिळाले आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, तरी शेळी देशभर उस्मानाबादीच म्हणून विकली जाते. नावात एवढे बळ असते.

मात्र नाव म्हणजे नुसता छाप नव्हे. त्यात बाहेरचा माल मिसळायचा नाही, कच्चे फळ तोडायचे नाही, आणि शेजाऱ्याने नियम मोडला तर त्याला तोंडावर सांगायचे, एवढे पथ्य गावाने स्वतःहून पाळावे लागते. शॅम्पेनच्या शेतकऱ्यांना हे पथ्य अंगवळणी पडायला दोन पिढ्या लागल्या. आपल्याला त्यांचा अनुभव तयार मिळाला आहे. तो फुकट घालवू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.