बाग कोणाची?

(बाळापूरच्या तरुणांपुढे केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मन-म्हैस नद्यांच्या या गावात राजा जयसिंगाच्या नावाची दगडी छत्री आहे. हमालाला दुपारी टेकायला सावली कुठं? मी गोदीत गोणी वाहतो. पाठ टेकायच्या जागेची किंमत मला कोणी शिकवू नये.

तुम्ही म्हणता, बाग साफ करू, झाडं लावू. जरूर करा. पण झाडू कोणाच्या हाती? झाडायचं आपल्याच वस्तीनं अन् बाकावर बसायचं दुसऱ्यांनी, तर ते श्रमदान नाही, वेठ आहे!

१९२३ साली बोल्यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. पाणी प्यायला मात्र १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत महाडच्या तळ्यात उतरावं लागलं. आज घटनेचं १५ वं कलम सांगतं, सरकारी पैशाच्या सार्वजनिक जागी जातीवरून कोणाला अडवता येत नाही. म्हणजे बाक हा उपकार नाही, हक्क आहे.

१९६५ च्या नगरपरिषद कायद्यात झाडलोट, दिवाबत्ती सक्तीची. बाग मात्र ऐच्छिक. म्हणून रोप लावून घरी जाऊ नका. मोर्चा घेऊन नगरपरिषदेत जा. नळ मागा, दिवे मागा, बायांसाठी संडास मागा.

अन् पहिला खड्डा सगळ्या मोहल्ल्यांच्या पोरापोरींनी मिळून खणा.

जय भीम!