खेळातलं गाणं आणि गाणारणीचं नाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, व्हिडिओ गेमचा आणि आपल्या कामाचा काय संबंध? पोरं मोबाइल खाली ठेवत नाहीत म्हणून आपण ओरडतो, तेवढाच. पण आता हा खेळ आपल्या बायकांचा आवाज मागायला दारात आला आहे.

मोठ्या कंपन्यांचे गेम शेकडो माणसं मिळून करतात. 'इंडी' गेम म्हणजे चार-पाच जणांनी, कधी एकट्यानेच, थोड्या पैशात केलेला गेम. त्यालाही संगीत लागतं. ते मिळवायच्या वाटा तीन. पहिली, संगीतकाराकडून करून घ्यायची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. तिचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केलं. दुसरी वाट, इंटरनेटवर परवान्यासह ठेवलेले तयार तुकडे घ्यायची. आणि तिसरी, लोकांमध्ये जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करायची. या तिसऱ्या वाटेवर आपल्या बायका उभ्या आहेत.

आमच्या भागात गेल्या वर्षी दोन तरुण मुलं आली. त्यांना जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. मुलं सज्जन होती. पाचशे रुपये आणि साडी देतो म्हणाली. कागद मात्र काही नव्हता. बायका गायला तयार झाल्या. तेव्हा सत्तरीच्या एका मावशींनी विचारलं, "मी एकदा गायले, तर ते किती वेळा वाजणार?"

मूळ प्रश्न हाच आहे. सिनेमातलं गाणं सुरू होतं आणि संपतं. गेममध्ये खेळणारा एका जागी अडकला की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, जात्यासारखा गोल फिरत राहतो. शिवाय तुकडे कापून, जोडून कुठेही लावता येतात. बापाच्या आठवणीची ओवी उचलून चेटकिणीच्या प्रसंगाला लावली, तर गाणाऱ्या बाईला कळणार कसं? एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आवाज ओळखीचा असतो, गाव लहान असतं.

नाव पुसलं जाणं फक्त खेड्यातल्या बाईच्या वाट्याला येतं असं नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात गेमचं संगीत करणाऱ्यांत कितीतरी बाया होत्या. 'मेगा मॅन' या १९८७च्या गाजलेल्या गेमचं संगीत मानामी मात्सुमाए यांनी केलं. त्या काळी कंपन्या श्रेयनामावलीत खरी नावं न देता टोपणनावं द्यायच्या. गेम खेळलेल्या मुलांना ती सूर पाठ, पण सूर कुणाचे हे ठाऊक नाही. पुढे २०१४च्या 'शोव्हेल नाइट' या इंडी गेमसाठी त्यांनी काही संगीत दिलं, तेव्हा नाव उघड होतं. २०१८च्या 'सेलेस्ट' या इंडी गेमचं संगीत लीना रेन या बाईंचं, तेही त्यांच्या नावानिशी.

नाव जपायचं कसं, याचा धडा आपल्याच घरात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. २०१७पासून त्या 'पारी'वर प्रसिद्ध होत आल्या आहेत. तिथे ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. 'लोकगीत' म्हटलं की आपण समजतो, ते कुणाचंच नाही. पण गळा कुणाचा तरी असतोच ना?

कायदाही हे मानतो. परंपरेने आलेल्या जुन्या ओवीवर कुणाची मालकी नाही. पण ती गाणारी बाई कायद्याने 'सादरकर्ती' आहे, आणि त्या सादरीकरणावर तिचा हक्क पन्नास वर्षं टिकतो. ओवी तिने स्वतः रचली असेल, तर शब्दांचा हक्क तिच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्तीला आपलं नाव लागण्याचा आणि अब्रूला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क दिला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "जगभर आणि कायमचं" ही तीन शब्दांची ओळ कागदात दिसली, की थांबा. त्या ओळीची किंमत वेगळी मागा.

आम्ही त्या मुलांना एवढंच सांगितलं: कोणती ओवी, कोणत्या प्रसंगाला, किती वर्षांसाठी, किती पैसे, गेम खपला तर पुढे किती, आणि नाव कसं लिहिणार, हे मराठीत लिहून आणा. वाचून दाखवा. एक प्रत बाईच्या हातात द्या. मुलं आठ दिवसांनी कागद घेऊन आली. त्यांनाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं. बायकांनी अंगठा उठवण्याआधी कागद दोनदा वाचून घेतला. मावशींनी चार ओव्या दिल्या. पाचवी, गेलेल्या लेकीची, दिली नाही. म्हणाल्या, "ती वाजवायची नाही." मुलांनी ती कागदावरून खोडली.

नाही म्हणता येणं, हाही त्या कागदाचाच भाग आहे. दळणाला, धुण्याला, गाण्याला मोल नाही, कारण ते बाई घरात करते, असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. नवीन यंत्रात जुनाच हिशेब चालू द्यायचा नाही. आपापल्या गटात जाऊन आधी एक वही करा. कोण काय गाते, कुणाकडून शिकली, स्वतः काय रचलं, ते नावासकट लिहा. उद्या दारात कुणी माइक घेऊन आलं, तर ती वही आधी पुढे करा.