खोडदच्या दुर्बिणीवरील माझी उमेदवारी



एकट्यानें मोठें काम अंगावर घेण्याविषयीं मीं दोन शब्द बोलावे, असें मला सांगण्यांत आलें आहे. मोठ्या कामांविषयीं बोलण्याचा अधिकार मोठ्या माणसांचा. माझ्यापाशीं आहे ती एका उमेदवारीची हकीकत, आणि तिच्यांत फजितीचा भाग बराच आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षीं, जानेवारीपासून सहा महिने, मी जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीवर, उमेदवार म्हणून होतें. माझें गांव आंबेगांव तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं. त्या दुर्बिणीच्या तबकड्या मीं लहानपणापासून दुरून पाहिलेल्या. त्यांचें काय चालतें हें मात्र आमच्या गांवांतील इतरांप्रमाणें मलाही ठाऊक नव्हतें.

दुर्बीण म्हटलें कीं नळी आणि भिंग डोळ्यांपुढें येतें. येथें तसें कांहीं नाहीं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, हीच ती दुर्बीण. त्यांपैकीं १४ खोडदजवळच्या आवारांत दाटीनें उभ्या आहेत, व उरलेल्या १६ तीन दिशांस फांटलेल्या भुजांवर दूरदूर; टोकाच्या दोन तबकड्यांत सुमारें २५ किलोमीटरचें अंतर आहे. तबकडी पत्र्याची नसून पोलादी तारेच्या जाळीची आहे. तिला जे तरंग टिपावयाचे ते जाळीच्या भोंकांहून पुष्कळ लांब असल्यामुळें त्यांस ती जाळी सबंध आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यांतून निघून जातो, आणि म्हणून एवढें मोठें यंत्र हलक्या वजनांत व बेताच्या खर्चांत उभें राहूं शकलें. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. प्रत्येक तबकडीचा संदेश काचेच्या तंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत येतो, आणि तेथें प्रत्येकीचा संदेश इतर प्रत्येकीशीं ताडून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. २००१ सालीं ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली.

आकाशांतून येणारा हा संदेश अतिशय क्षीण असतो. आसपासचे डोंगर शहरांचा गोंगाट पुष्कळसा अडवितात. दुर्बीण येथें आणण्याचें तें एक कारण. परंतु विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, मोटारी, मोबाइलचे मनोरे, डोक्यावरून जाणारे उपग्रह, हीं सर्व तबकडीच्या दृष्टीनें आरडाओरडच करीत असतात. हा गोंगाट निवडून टाकणाऱ्या रीती तेथें वापरांत आहेतच. त्यांहून निराळी एक रीत नोंदून ठेवलेल्या माहितीवर अजमावून पाहावी, आणि त्यासाठीं सबंध प्रोग्राम मीं एकटीनें लिहावा, असें ठरलें. माझ्या मार्गदर्शकांनीं हें पांच मिनिटांत सांगितलें व ते निघून गेले. मला त्या पांच मिनिटांतील दोन मिनिटांचें समजलें होतें.

पुढील तीन आठवडे मीं जें केलें तें सांगण्यास लाज वाटते. नोंदींची फाइल उघडून वाचणारा प्रोग्रामाचा भाग मीं चार वेळां लिहिला. कारण मला समजणारा तेवढाच भाग होता. चहाच्या वेळीं कोणी विचारलें, “कसें चाललें आहे?” तर मी म्हणे, “चाललें आहे.” आपल्याला काम एकटीस दिलें आहे, तेव्हां विचारणें म्हणजे अपात्रता कबूल करणें, अशी माझी समजूत होती.

त्या दिवसांत ग्रंथालयांत स्वरूपांच्या तरुणपणाची हकीकत वाचावयास मिळाली. १९५३ सालीं, चोविसाव्या वर्षीं, ते शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियांत सिडनीस गेले. तेथें पॉट्स हिल या ठिकाणीं ३२ लहान तबकड्यांची रांग सूर्याचें निरीक्षण करी. पण एका वेळीं ती सूर्याची एक उभी पट्टीच मोजूं शके. निरनिराळ्या दिशांनीं घेतलेल्या अशा पट्ट्यांवरून सूर्यबिंबाचें सबंध चित्र गणितानें जुळविण्याच्या कामांत ह्या नवख्या तरुणास घेण्यांत आलें. आज जें काम प्रोग्रामाकडे सोंपवितों तें तेव्हां माणसें आंकड्यांच्या तक्त्यांवर करीत. पुढें त्याच ३२ तबकड्या भारतास देणगी मिळाल्या, व १९६५ सालीं कल्याणजवळ उभ्या राहिल्या. मला त्या हकीकतींत बोंचली ती एक गोष्ट: ते तेथें एकटे नव्हते. शेजारीं बसून आंकडेमोड करणारे होते, चूक दाखविणारे होते. एकटेपणा माझ्या कामास कोणी लावलेला नव्हता. तो मीं लावून घेतला होता.

दुसऱ्या दिवशीं सरांपाशीं जाऊन सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, “एकच तबकडी घे, एकच वारंवारता घे, एकच सेकंद घे. त्याचा आलेख काढून संध्याकाळीं मला दाखव.” संध्याकाळीं आलेख तयार होता. त्यावर अगदीं नियमित अंतरानें, दर शंभराव्या भागास, एक एक टोंक वर आलेलें. आपल्याकडील वीज सेकंदांत पन्नास वेळां उलटसुलट वाहते. प्रत्येक फेऱ्यांत दोनदां तिचा जोर कळसास पोंचतो, व तारेवर कोठें सैल सांधा असेल तर तेथें ठिणगी उडते. कोणाच्या तरी शेताजवळची ती तार माझ्या कागदावर उमटली होती. तीन आठवड्यांची भीति त्या एका आलेखानें निम्मी झाली.

मग काम चाललें. ठिणगी ओळखावी कशी? सरासरीहून फार वर जाईल ती, असें प्रथम सुचतें. पण एका खोलींत दहा शेतमजूर बसले असतां आंत एक सावकार आला, तर सरासरी मिळकत एकदम वाढते, आणि त्या सरासरीनें पाहतां सावकारही फारसा वेगळा दिसत नाहीं. म्हणून सर्व आंकडे चढत्या क्रमानें लावून मधोमध येणारा आंकडा घ्यावयाचा. एकट्यादुकट्या सावकारानें तो हलत नाहीं. त्याच्यापासून फार दूरचें तें सर्व गाळावयाचें. फेब्रुवारीच्या मध्यास प्रोग्राम चालूं लागला, व गाळलेली नोंद तळ्याच्या पाण्यासारखी नितळ दिसूं लागली. मी फार खूष झालें.

चांचणीसाठीं घेतलेली नोंद एका प्रसिद्ध पल्सारची होती. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. हा सुमारें ०·७१ सेकंदांत एक फेरा घेतो, व प्रत्येक फेऱ्यास त्याचें एक स्पंदन आपल्यापर्यंत येतें. सरांनीं नितळ आलेख पाहिला आणि विचारलें, “तारा कोठें आहे?” तारा नव्हता. तो उत्तरेकडील आकाशांतील अतिशय तेजस्वी पल्सार, आणि तेजस्वी म्हणूनच माझ्या प्रोग्रामानें त्याचीं ठळक स्पंदनें ठिणग्या समजून वेंचून काढून टाकलीं होतीं.

२८ फेब्रुवारीस विज्ञानदिनानिमित्त खोडदला शाळांतील मुलांची व गांवकऱ्यांची मोठी गर्दी होते. त्या दिवशीं आईही आली. तिला मीं माझी फजिती सांगितली. तिच्या वाफ्यांत तेव्हां कांद्याची खुरपणी चाललेली. ती म्हणाली, “अगं, लव्हाळा कोवळेपणीं कांद्यावानीच दिसतो. नुसतं वर आलंय म्हणून काय उपटायचं? नवीन बाई आली की ती कांदाच उपटते.” तिनें मला उपाय सांगितला असें मी म्हणणार नाहीं, तिला तबकड्यांपेक्षां त्यांच्याखालची काळी जमीनच अधिक आवडली होती.

हाच पेंच १९६७ सालीं केंब्रिज येथें जॉसेलिन बेल ह्या विद्यार्थिनीस पडला होता. रोजचा सुमारें शंभर फूट कागद ती एकटी डोळ्यांनीं वाची. त्यावर पाव इंचभर आलेली एक विस्कटलेली खूण ठिणगीची नाहीं व ओळखीच्या ताऱ्याचीही नाहीं, हें तिनें हेरलें, ती टाकून दिली नाहीं, आणि पहिला पल्सार जगास कळला. नोबेल पारितोषिक १९७४ सालीं तिच्या मार्गदर्शकांस मिळालें, तिला नाहीं. हें येथें सांगण्याचें कारण नव्हतें, पण सांगितल्याविना राहवत नाहीं.

उपाय अखेर निघाला तो असा. ठिणगी जवळची, ती सर्व वारंवारतांवर एकाच क्षणीं दिसते. ताऱ्याचें स्पंदन तारकांमधील विरळ विद्युत्कणांतून वाट काढीत येतें, व त्यांत खालच्या वारंवारतेचा तरंग मागें पडतो. आमच्या पल्सारच्या बाबतींत ५०० मेगाहर्ट्झवर दिसलेलें स्पंदन ३०० मेगाहर्ट्झवर पाऊण सेकंदाहून थोड्या अधिक उशिरानें दिसतें. तेव्हां एकेक वारंवारता सुटी न पाहतां सर्व शेजारी शेजारी मांडून पाहावयाचें: एकदम उठतें तें टाकावें, पायरीपायरीनें उतरतें तें ठेवावें. हें लिहिण्यास मार्च व एप्रिल गेले. त्या काळांत मी रोज कोणाला ना कोणाला कांहीं ना कांहीं विचारीत होतें.

जूनच्या अखेरीस काम स्वाधीन केलें, तेव्हां प्रोग्रामासोबत एक पानभर टिपण जोडलें. त्यांत तो कोठें चुकतो तेवढेंच लिहिलें होतें. पहिल्याच ओळींत असें, कीं ज्या पल्सारांच्या वाटेवर विद्युत्कण थोडे आहेत त्यांचीं स्पंदनें वरच्या वारंवारतांवर जवळजवळ एकदमच येतात, आणि त्यांस हा प्रोग्राम अजूनही ठिणगीच समजतो. सरांनीं तें पान आधीं वाचलें, प्रोग्राम नंतर उघडला.