नाव न सांगता विचारलेला प्रश्न



अर्थशास्त्राच्या शिक्षकांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणात देशाच्या अर्थव्यवस्थेचा आढावा घ्यायचा, असा आपल्याकडे प्रघात आहे. वाढीचा दर, राजकोषीय तूट, रुपयाची घसरण यांवर बोलले की अध्यक्षपद पार पडते. मी आज तो प्रघात मोडणार आहे. मला बोलायचे आहे ते प्रास्ताविक सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेविषयी. अकरावी-बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला आपण मागणी, पुरवठा, लवचिकता, सीमान्त उपयोगिता, खर्च आणि बाजाराचे प्रकार शिकवतो आणि मग ते कितपत कळले हे तपासतो. अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी विद्यार्थी अखेर प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करतो, आणि त्याचा तो हिशेब चोख असतो. आपल्याच शास्त्राप्रमाणे तो प्रलोभनांना प्रतिसाद देत असतो. म्हणून दोष असलाच तर तो प्रलोभन ठेवणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, शोधावा लागतो. माझे म्हणणे असे की, प्रश्न विचारताना आपण तत्त्वाचे नाव आधीच सांगून टाकतो आणि त्यामुळे जे तपासायचे तेच तपासायचे राहून जाते.

आपल्या नेहमीच्या प्रश्नांकडे पाहा. ‘मागणीचा नियम अपवादांसह स्पष्ट करा.’ ‘मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांतील फरक स्पष्ट करा.’ ‘घटत्या सीमान्त उपयोगितेच्या नियमाची गृहीतके लिहा.’ विद्यार्थी हे लिहितो, आकृती काढतो, अक्षांना नावे देतो आणि पूर्ण गुण मिळवतो. परीक्षेबाहेर मात्र कोणताही व्यवहार प्रकरणाचा क्रमांक कपाळावर लावून येत नाही. मार्च 2023 मध्ये राज्य सरकारने एसटीच्या प्रवासभाड्यात महिलांना पन्नास टक्के सवलत दिली आणि गाड्यांमधल्या महिला प्रवाशांची संख्या वाढली. हा मागणीतला विस्तार की वृद्धी? आणि त्याच रस्त्यावर धावणाऱ्या वडाप जीपच्या धंद्याचे काय झाले असेल, तो बदल विस्तार-संकोचात बसतो की वृद्धी-ऱ्हासात? ज्याने दोन रकान्यांतला फरक सहा मुद्द्यांत लिहिला, त्यालाही इथे क्षणभर थांबावे लागते. तेवढे थांबणे हेच अर्थशास्त्र आहे आणि त्यालाच आपल्या प्रश्नपत्रिकेत गुण नाहीत.

व्याख्या येणे आणि ती लावता येणे यांत किती अंतर असते, याचा सर्वांत बोचरा पुरावा विद्यार्थ्यांकडून नव्हे, तर अर्थशास्त्रज्ञांकडूनच मिळालेला आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या 2005 च्या वार्षिक अधिवेशनात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी 199 अर्थशास्त्रज्ञांना एक प्रश्न घातला. तो पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकाच्या तोडीचा होता. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचे फुकट तिकीट मिळाले आहे आणि ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनची मैफल आहे आणि तीच तुमची दुसऱ्या क्रमांकाची पसंती आहे. डिलनचे तिकीट 40 डॉलरला आहे. एरवी कोणत्याही दिवशी त्यासाठी तुम्ही 50 डॉलरपर्यंत मोजायला तयार असता. तर क्लॅप्टनला जाण्याचा संधीखर्च किती? पर्याय चार: शून्य, 10, 40 आणि 50. डिलन सोडल्याने 50 डॉलरचे सुख गेले, पण 40 डॉलर खिशात राहिले. म्हणजे खरा त्याग 10 डॉलरचा. हे उत्तर देणारे अर्थशास्त्रज्ञ निघाले 21.6 टक्के. डोळे मिटून खूण केली असती तरी सरासरी 25 टक्के बरोबर आले असते! विद्यार्थ्यांची कथा आणखी विचित्र. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्यांत 7.4 टक्के बरोबर, तर न केलेल्यांत 17.2 टक्के. एका प्रश्नावरून सगळ्या विषयाची परीक्षा करू नये, हे खरेच. तरीही ‘सोडून दिलेल्या सर्वोत्तम पर्यायाचे मूल्य’ ही व्याख्या त्या 199 जणांपैकी कुणाला येत नसेल, असे मला वाटत नाही.

या प्रश्नावर पुढे आक्षेपही आला आणि तो वजनदार आहे. 2012 मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी दाखवून दिले की, संधीखर्चाची व्याख्याच इतकी सैल आहे की ‘मूल्य’ कशाला म्हणायचे हे ठरवल्यावर चारही उत्तरांचे समर्थन करता येते. दोष मग उत्तर देणाऱ्यांचा की प्रश्नाचा? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. प्रश्न मोघम असेल तर तो दुरुस्त झाला पाहिजे. पण अर्थशास्त्रज्ञांना आपल्या विषयाचा एवढा पायाभूत शब्द नेमका कुठे सैल आहे, हे कशामुळे कळले? चार आकड्यांपैकी एक निवडण्याची वेळ आली म्हणून. ‘संधीखर्चाची संकल्पना स्पष्ट करा’ असे दशकानुदशके विचारत राहिलो असतो तर ही भेग दिसलीच नसती.

चाचणीशास्त्राला ही अडचण नवीन नाही. महाविद्यालयीन अर्थशास्त्राच्या आकलनाची एक प्रमाणित चाचणी अमेरिकेत 1968 पासून वापरात आहे. तिच्या कर्त्यांनी प्रश्नांची तीन प्रकारांत वर्गवारी केली. पहिल्यात संकल्पना ओळखणे आणि समजणे. दुसऱ्यात संकल्पनेचे नाव प्रश्नातच असते आणि ती वापरायची असते. तिसऱ्यात नाव नसते. कोणती संकल्पना लागू पडते हे आधी विद्यार्थ्यालाच शोधावे लागते आणि मग ती वापरावी लागते. माझा सगळा भर या तिसऱ्या प्रकारावर आहे. लक्षात घ्या, ती चाचणी पूर्णपणे बहुपर्यायी आहे. निबंधवजा प्रश्न चांगले की वस्तुनिष्ठ, हा आपल्या शिक्षक-खोल्यांमधला जुना वाद म्हणूनच मला आडवाटेचा वाटतो. दहा गुणांचे दीर्घोत्तर निव्वळ पाठांतर असू शकते आणि चार पर्यायांचा प्रश्न विचार करायला लावू शकतो.   

बारावीच्या नव्या स्वरूपात ‘उदाहरणावरून संकल्पना ओळखून ती स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, हे चांगले पाऊल होते. पण त्याचेही काय झाले ते आपण जाणतो. वर्षभरात उदाहरणांचे साचे ठरले, ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांत त्यांच्या याद्या आल्या आणि उदाहरणात ‘एकापाठोपाठ एक’ हे शब्द दिसले की घटती सीमान्त उपयोगिता लिहायची, हेही पाठ झाले. उदाहरण एखाद्या संकल्पनेसाठीच बेतलेले असले की ते त्या संकल्पनेचे टोपणनाव होते. उलट घडलेल्या घटनेवरून प्रश्न काढला तर ती कोणत्याही एका प्रकरणात नीट मावत नाही.

अशा एका घटनेपाशी जरा थांबू. डिसेंबर 2023 च्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे 2024 च्या आरंभी किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून ती पुन्हा खुली केली. बंदी आली तेव्हा बाजारात येत होता तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही. मे महिन्यात बाजारात असतो तो उन्हाळ कांदा मात्र कांदाचाळीत चार-पाच महिने राहू शकतो. आता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढीच माहिती द्या आणि विचारा: लासलगावच्या लिलावात भावाचे काय होईल आणि का? कोणता वक्र सरकेल? हीच बंदी, एरवी काहीही न बदलता, मे महिन्यात आली असती तर पहिल्या आठवड्यात भाव तितकाच पडला असता का?

भाव पडेल, हे कुणीही सांगेल. त्याला गुण नकोत. खरी मौज पुढे आहे. एक विद्यार्थी लिहील की परदेशी गिऱ्हाईक गेले, म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला. दुसरा लिहील की बाहेर जाणारा माल आत राहिला, म्हणून पुरवठा वक्र उजवीकडे सरकला. आपल्या आदर्श उत्तरपत्रिकेला यांतला एकच बरोबर ठरवायचा असतो. वस्तुतः दोन्ही बरोबर असू शकतात. शेतकऱ्याच्या सगळ्या मालाचा बाजार धरला तर पहिला बरोबर. फक्त देशातल्या ग्राहकांचा बाजार धरला तर दुसरा. कोणाचा बाजार आपण काढतो आहोत, हे सांगितल्याशिवाय आकृतीला अर्थच नसतो, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकातली तयार आकृती कधी सांगत नाही. आता मे महिन्याकडे वळा. डिसेंबरचा शेतकरी थांबू शकत नाही. काढलेला माल मिळेल त्या भावाला विकणे भाग, म्हणून पुरवठा वक्र जवळजवळ उभा आणि धक्का सगळा किमतीवर. उन्हाळ कांद्याचा मालक चाळ भरून वाट पाहू शकतो, म्हणून काही धक्का विकल्या जाणाऱ्या मालाच्या प्रमाणावर जाईल आणि भाव तुलनेने कमी पडेल. अर्थात चाळीतले नुकसान, कर्जाचा हप्ता आणि बंदी लवकर उठेल ही आशा, यांवर ‘वाट पाहणे’ अवलंबून आहे. लवचिकता हा शब्द प्रश्नात कुठेही नाही. ज्याला लवचिकता कळली आहे तो ती आपण होऊन बाहेर काढेल, आणि ज्याला फक्त तिचे पाच प्रकार येतात तो अडेल. चाचणीला हाच भेद दाखवता आला पाहिजे.

यावर पहिली हरकत तपासणीची. लाखो उत्तरपत्रिका, तुटपुंजे मानधन, ठरलेली मुदत. प्रत्येकाचा तर्क वाचायला वेळ कुणाला? हरकत खरी आहे, पण तिला उपाय आहे. कांद्याचा प्रश्न चार पर्यायांतही बसतो; त्याखाली कारणाच्या दोन ओळी मागायच्या आणि गुण उत्तराला एक, कारणाला दोन ठेवायचे. चुकीचे पर्यायही वाटेल तसे नकोत. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतूनच ते घ्यावेत. पदार्थविज्ञानाने 1992 मध्ये बल या संकल्पनेची अशीच चाचणी बनवली आणि त्या विषयाच्या अध्यापनात त्यातून पुष्कळ बदल झाले. आपल्यालाही गैरसमज शोधायला दूर जावे लागणार नाही. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांनी भरलेले आहेत.

दुसरी हरकत मला अधिक अस्वस्थ करते. खेड्यातल्या, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला पाठांतर हीच एक शिडी असते. ती काढून घेतली तर शहरी, शिकवणीवाला विद्यार्थीच पुढे जाईल. मात्र याची दुसरी बाजूही पाहावी. लाल कांदा टिकत नाही हे निफाडच्या मुलीला पुस्तकाशिवाय माहीत असते आणि तिच्या त्या ज्ञानाला आजच्या प्रश्नपत्रिकेत काडीचे मोल नाही. बोजड, संस्कृतप्रचुर व्याख्या घोकण्यात तिला शिकवणीवाल्यांपेक्षा झुकते माप मिळते, असेही नाही. तरी हरकतीतला एक भाग उरतोच. घटना सांगणारे प्रश्न लांबतात आणि लांब मजकूर संथ वाचणाऱ्याला मारतो. म्हणून प्रश्न चार ओळींत मावले पाहिजेत, आणि व्याख्यांना थोडे, समजा वीस टक्के, गुण राहिले पाहिजेत. व्याख्या नको असे मी म्हणत नाही. तिच्यावर सगळी परीक्षा उभी नको.

तिसरी हरकत शास्त्राच्या बाजूने येते: अर्थशास्त्रज्ञांतच मतभेद असतील तर ‘बरोबर उत्तर’ कोणते? किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, हे वर्षानुवर्षे सरधोपट उत्तर होते. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या 410 फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना 1994 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात वेतनवाढीनंतर रोजगार घटल्याचे दिसले नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण 2021 मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले. आता ‘किमान वेतन वाढल्यास रोजगार ___’ ही गाळलेली जागा कशाने भरायची? ती विचारूच नये. त्याऐवजी विचारावे की, पूर्ण स्पर्धेच्या प्रतिमानात काय घडेल, आणि गावात कामावर घेणारा कारखाना एकच असेल तर तेच उत्तर का बदलेल? मतभेद निष्कर्षाबाबत आहे, तर्काच्या पायऱ्यांबाबत नाही; आणि परीक्षा पायऱ्यांचीच घ्यायची असते.

हे सगळे करून विद्यार्थ्याच्या हाती टिकाऊ काही लागेलच, अशी हमी मी देत नाही. जॉर्ज स्टिगलर यांनी 1963 मध्येच खोचक अंदाज बांधला होता की, पदवीनंतर पाच वर्षांनी चालू आर्थिक प्रश्नांवर परीक्षा घेतली तर अर्थशास्त्र शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फरक दिसणार नाही. विल्यम वॉलस्टॅड आणि सॅम ऑलगुड यांनी 1999 मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना पारखले तेव्हा शिकलेले पुढे होते, पण आपण पाठ थोपटून घ्यावी इतके नाही. आपल्याकडे तर ही मोजणीच झालेली नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे आणि राज्य मंडळाकडे माझी म्हणून मर्यादित मागणी आहे. सुरुवातीला फक्त दहा गुण अशा प्रश्नांना द्यावेत, ज्यांत तत्त्वाचे नाव छापलेले नाही. ते प्रश्न त्याच वर्षीच्या घटनेवरून काढावेत, म्हणजे प्रश्नसंचवाल्यांना उशीर होईल. नियामकांच्या आदर्श उत्तरात ‘गृहीतक स्पष्ट लिहिले असल्यास दुसरे उत्तरही ग्राह्य’ ही ओळ असावी. आणि त्या दहा गुणांचे वितरण उरलेल्या गुणांपासून वेगळे काढून दरवर्षी या परिषदेपुढे ठेवावे. पहिल्या वर्षी ते आकडे वाईट येतील, याची तयारी आतापासून ठेवा.