सरकारी शाळेची पायरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला ‘विहार आणि समाजकार्य’ हा विषय दिला आहे. पण समाजकार्य म्हटले की बोलणारा मोकाट सुटतो आणि ऐकणारा भोजनदानाकडे बघू लागतो. म्हणून आम्ही त्यातले एकच धरतो, ते म्हणजे हायस्कूल. तेही सरकारचे, पालिकेचे, ज्याच्याकडे आज आपलीच माणसे नाक मुरडून बघतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याला राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कूलात एका मुलाचे नाव दाखल झाले. इयत्ता पहिली इंग्रजी, रजिस्टरात नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. त्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढे सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले, परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. ते परळ म्हणजे आपल्या गिरणगावचेच. बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहायचा, पोराला उठवायचा आणि मग आपण आडवा व्हायचा. पोरगा रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करायचा.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल. तीही सरकारीच. तिथे काही सुख होते असे नाही. गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले. संस्कृत घेऊ दिले नाही, फारशी घ्यावी लागली. हे सगळे खरे. पण दार बंद करता आले नाही, कारण ती कुणाच्या मालकीची पाठशाळा नव्हती, सरकारी खर्चाची शाळा होती. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या नव्वद टक्केवाल्यांना हसू येईल, हसू द्या. त्या २८२ गुणांसाठी समाजाने सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिले. ध्यानात घ्या, नागपूरच्या दीक्षेच्या ४९ वर्षे आधी बुद्ध बाबासाहेबांच्या हातात आला तो हायस्कूलच्या निकालाच्या सभेत! शाळा वेगळी आणि विहार वेगळे, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

याच बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, आणि सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखानेसुद्धा. त्याच ठरावाच्या जोरावर १९२७ चे महाड झाले. चवदार तळे आपल्या तोंडपाठ आहे. ठरावातली शाळा मात्र आपण विसरून गेलो.

आम्ही गिरणीतली माणसे. आमच्यातले कैक जण रात्रशाळेत शिकले. पहिली पाळी संपवून, घामाच्या सदऱ्यानिशी, दिवसाच्या शाळेतल्या पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे. दुसरी पाळी लागली की शाळा बुडायची, मग सोबत्याची वही उतरवून घ्यायची. पण नापास झाला तरी मास्तर हाकलत नसत. दहावी पाचव्या खेपेला सुटलेला माणूसही आम्ही पाहिला आहे, आणि त्याने वाटलेले पेढे आम्ही खाल्ले आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली काढताना बाबासाहेबांच्या नजरेपुढे अशी कमावून शिकणारी पोरे नव्हती, असे कोण म्हणेल?

आता आपल्या गल्लीच्या टोकाच्या पालिका शाळेविषयी. मराठी वर्गाचा पट उतरतो आहे. आई भिशी उचलून खाजगी इंग्रजी शाळेची फी भरते. आम्ही तिला दोष देत नाही. बाबासाहेबही पहिली इंग्रजीतच बसले होते. पण हेही बघा की २०२० साली पालिकेने जोगेश्वरीला पूनम नगरात सीबीएसई शाळा काढली, तेव्हा प्रवेशाला सोडत काढावी लागली. २०२१ साली घाटकोपरची राजावाडी, मुलुंडचे मिठागर अशा आणखी शाळा झाल्या. म्हणजे लोकांना पालिका नको असे नाही, हेळसांड नको आहे. मग जी हेळसांड आपल्या मराठी शाळेची होते ती कोण थांबवणार?

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या बाया असाव्यात, असे लिहिले आहे. आपल्या किती बाया त्या बैठकीला जातात? सहीचा कागद घरी येतो, आपण सही करतो, झाले. पिण्याचे पाणी, मुलींचे संडास, गणिताची रिकामी जागा, हे विचारायचे ठिकाण तेच आहे. चौकात बोंबलून काय होणार?

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. विहारासाठी जमलेल्या निधीतून मोठी कमान उभारायची असे घाटते आहे. आमचा विरोध कमानीला नाही. पण वरच्या मजल्यावरची खोली सामान ठेवायला पडून आहे आणि दहावीची पोरे जिन्याखाली, रस्त्याच्या दिव्याखाली बसतात. दहा बाय दहाच्या घरात टीव्ही चालू असताना प्रमेय कसे सुटेल? आधी ती खोली मोकळी करा, दोन ट्यूबलाइट लावा, चटया टाका आणि संध्याकाळी सात ते अकरा उघडी ठेवा. शाळेतल्या बाईंनी आठवड्यातून एक दिवस यायचे कबूल केले आहे. त्या आपल्या समाजाच्या नाहीत, तरी त्यांनी आपणहून विचारले. कमान पुढच्या वर्षी होईल.

किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून भांडण होणार, हे आम्हाला ठाऊक आहे. ती महिला मंडळाकडे द्यावी, असे आमचे मत. येत्या रविवारी वंदना झाल्यावर आठवी ते दहावीच्या मुलामुलींची नावे लिहून घेऊ. पालक समितीत जायला तयार असतील त्या बायांनीही त्याच वेळी नावे द्यावीत. खोलीत पंखा एकच आहे, दुसरा कोणी देत असेल तर आजच सांगावे.

जय भीम!