कळा सुरू झाल्या की जवळ कोण?



कॉलेजच्या स्नेहसंमेलनात फिशपाँड संपल्यावर आणि नाच सुरू व्हायच्या आधी पाहुण्यांचं भाषण ठेवायची आपली जुनी खोड आहे. तुमची घाई मला दिसतेय. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका म्हणून. तेव्हा बोलणार बाळंतपणाबद्दलच. मागच्या रांगेतली मुलं लगेच एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. ढोसा बाबांनो, पण ऐका. हे तुमच्यासाठीच जास्त आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कळा सुरू झाल्या की आई, काकू, मावशी आणि गावची सुईण, अशा चारजणी पोरीभोवती असायच्या. त्या सुईणीला मी उगाच देव्हाऱ्यात बसवणार नाही. नाळ कापायला हाताला लागेल ते पातं, वर राख नाहीतर शेण, आणि आठवड्याभरात बाळाला धनुर्वात, हे आपल्याच गावांत घडलंय. तान्ह्या बाळांचा हा धनुर्वात देशातून हटल्याचं जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा.

आज महाराष्ट्रात शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८ ते २० या काळात राज्यात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाची सरासरी होती ९७. ही कमाई मोठी आहे. पण आपल्याच पालघर जिल्ह्यात, मोखाड्या-जव्हारच्या पाड्यांवरून अजून बाई डोलीतून रस्त्यापर्यंत आणावी लागते. आणि लांब कशाला, अर्नाळा किल्ल्याचं बेट घ्या, नायगावचं पाणजू बेट घ्या. रात्री कळा आल्या तर आधी होडी, मग गाडी, मग दवाखाना. भरती-ओहोटी काय पोटातल्या बाळाला विचारून येते?

मला बोलायचंय ते मात्र दवाखान्यात पोचल्यानंतरचं. बाई आत गेली आणि त्या चारजणी दाराबाहेर राहिल्या. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलीची आई असते संगमेश्वरला, नाहीतर जौनपूरला. नवरा विरार लोकलमध्ये लटकलेला. आत एक सिस्टर आणि तिच्या अंगावर तीन-चार बाया. मग कोणीतरी खेकसतं, ‘आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. त्याच्या पुढचं वाक्य या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

एकदा अशाच एका मुलीबरोबर चाळीतली शेजारीण आली होती, पिशवी सांभाळत बाहेर बसलेली. मी तिला आत घेतलं. तिनं काय करावं? काही विचारलं नाही. मुलीला कुशीवर वळवलं, माकडहाडाच्या वर तळहाताची टाच रोवली आणि कळ आली की दाबायची, कळ गेली की सोडायची. मधे घोटभर चहा. ‘मी हाये ना गं’, एवढंच बोलणं. मुलीचे आवळलेले खांदे माझ्या डोळ्यांदेखत सैल पडले. बाळाचे ठोके ऐकणं, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणं, बाळ आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणं, हे माझं काम, ते शेजारणीला येणार नाही. पण तिचं काम मला करायला वेळ नव्हता, हेही तितकंच खरं.

आणि ही काही भाबडी समजूत नाही. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांवरचे सव्वीस अभ्यास एकत्र तपासले गेले. सतत कोणी सोबत असलं की कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझेरियनही कमी होतात, असं त्यातून दिसलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशात खासगी दवाखान्यांतली शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसली, सरकारीत १४. जिला गरज आहे तिचं सिझेरियन झालंच पाहिजे, त्यानं जीव वाचतात. पण घाईपायी किती होतात? गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच बाजूला ठेवला. धीर धरायला माणूस लागतं, आणि तेच आपण दाराबाहेर ठेवलं.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवता येते, केंद्र सरकारनं २०१६ मध्येच तसं सांगितलंय. पडद्याची, आडोशाची सोय असेल तिथं नवऱ्यालाही आत घेता येतं. म्हणून म्हटलं, मागच्या रांगेनं ऐकावं. उद्या तुमची बायको टेबलावर असेल, तेव्हा बाहेर मोबाइल बघत बसू नका. आधी जाऊन विचारा, ‘मी आत येऊ का? नाहीतर आईला घेता का?’ नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारा. सिस्टर चिडेल. चिडू दे.

आणि आता, ज्यांना बाळंतपणाचंच काम करायचंय त्यांच्यासाठी. बारावीनंतर नर्सिंगचं एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार, त्यांत मुलगेही येतात. त्यापुढे खास मिडवाइफ होण्यासाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. साधं, विनाधोक्याचं बाळंतपण अशा मिडवाइफनं स्वतःच्या जबाबदारीवर करावं आणि अडलं की डॉक्टरांना बोलवावं, अशी ती योजना आहे. आपल्याकडे अशा मिडवाइफ अजून फार थोड्या आहेत. बारावीच्या मुलींनो, कार्यक्रम संपल्यावर मला गाठा. प्रवेशाला कोणते कागद लागतात ते सांगते, आईवडील नको म्हणत असतील तर त्यांनाही घेऊन या.